विनोदाला जागा हवी

मार्च २०२५ मध्ये ठाण्याचे नाव घेऊन सुरू होणारे एक विडंबनगीत देशभर गाजले आणि त्याची किंमत मोजली खारमधल्या एका छोट्या सभागृहाने. कुणाल कामरा यांच्या ‘नया भारत’ या कार्यक्रमातल्या त्या गाण्यात उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे नाव नव्हते. पण ठाणे, रिक्षा आणि दाढी एवढ्या खुणा महाराष्ट्रातल्या कुणालाही पुरेशा होत्या. २३ मार्चच्या रात्री शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी युनिकॉन्टिनेंटल हॉटेलातल्या ‘हॅबिटॅट’ या स्टुडिओत घुसून खुर्च्या, दिवे आणि ध्वनियंत्रणा फोडली. कामरा त्या रात्री तिथे नव्हतेही. दुसऱ्या दिवशी मुंबई महापालिकेचे पथक बांधकामातल्या त्रुटींचे कारण देत हातोडे घेऊन त्याच जागी पोहोचले. चालकांनी स्टुडिओ बंद ठेवत असल्याचे जाहीर केले. पुढे तिकीटविक्रीच्या मोठ्या संकेतस्थळावरून कामरा यांचे नावही निघाले.

या घटनेवर खूप बोलले गेले. बहुतेकांचा प्रश्न कामरा बरोबर की चूक, एवढाच होता. मला महत्त्वाची वाटते ती त्या दोन दिवसांतली कार्यपद्धती. राजकीय विनोद थांबवायचा तर विनोदकाराचे तोंड बंद करावे लागत नाही. त्याला मंच देणारा, तिकीट विकणारा, प्रक्षेपण करणारा घाबरला की काम होते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीचा गेल्या दशकभराहून अधिक काळाचा अनुभव हेच सांगतो.

अमेरिकेतल्या दोन बातम्या

२०२५ मध्येच अमेरिकेतून अशा दोन बातम्या आल्या. १७ जुलैला सीबीएस वाहिनीने स्टीफन कोलबर्ट यांचा ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये कायमचा थांबवण्याचे जाहीर केले. कारण निव्वळ आर्थिक असल्याचे वाहिनीने सांगितले. पण वाहिनीच्या मालक कंपनीने त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याशी एक दावा १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला होता, कोलबर्ट यांनी त्यावर आपल्याच कार्यक्रमात कठोर टीका केली होती आणि कंपनीच्या विलीनीकरणाला सरकारी संस्थेची मान्यता मिळायची होती. सप्टेंबरमध्ये एबीसी वाहिनीने जिमी किमेल यांचा कार्यक्रम थांबवला. त्याआधी प्रसारण नियामकाच्या अध्यक्षांनी जाहीर इशारा दिला होता आणि स्थानिक वाहिन्यांचे जाळे असलेल्या दोन कंपन्यांनी कार्यक्रम दाखवणार नसल्याचे कळवले होते. लोक संतापले आणि आठवड्याच्या आत किमेल परतले.

या दोन्ही प्रसंगांत विनोदकारावर गुन्हा दाखल झाला नाही, त्याच्या घरी पोलीस गेले नाहीत. दाब आला तो वाहिनीच्या मालकावर. त्याआधी इजिप्तमध्ये बासेम युसूफ यांचा अफाट लोकप्रिय राजकीय विनोदाचा कार्यक्रम २०१४ मध्ये बंद झाला, तेव्हाही वाहिनीवरचा दबाव हेच कारण सांगितले गेले. देश निराळे, राज्यपद्धती निराळ्या, पण कळ एकाच ठिकाणी दाबली गेली.

अमेरिकन प्रेक्षकाला निदान काय गमावले हे कळते, कारण रोज रात्री सत्ताधाऱ्यांवर बोलणारा माणूस त्याच्या सवयीचा असतो. मराठी प्रेक्षकाला तो दूरचित्रवाणीवर कधी लाभलाच नाही. हिंदीत शेखर सुमन यांनी १९९७ मध्ये सोनी वाहिनीवर ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ सुरू केले आणि काही वर्षे वाजपेयींपासून लालूप्रसादांपर्यंत सगळ्यांची नक्कल घरोघरी पोहोचली. दोन दशकांनी, २०१७ मध्ये, श्याम रंगीला या तरुणाने एका मोठ्या हास्यस्पर्धेत पंतप्रधानांची नक्कल केली, तर तो भाग दाखवलाच गेला नाही. मधल्या वीस वर्षांत काय बदलले, ते या दोन उदाहरणांतून दिसते.

आपल्याकडे हे होते

राजकीय विनोद बाहेरून आलेली चैन आहे, असे मानणाऱ्यांनी मराठी रंगभूमीकडे पाहावे. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगमंचावर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला आणि १९१० मध्ये सरकारने १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली बंदी घातली. ते नाटक विनोदी नव्हते, पण नाव न घेता सत्ताधारी ओळखू यावा, ही युक्ती तीच. तमाशातल्या वगात राजा आणि प्रधान नावापुरते असत, बोलणे असे ते गावच्या पाटलावर आणि मुंबईच्या मंत्र्यावर. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ पासून हा बाज शहरी प्रेक्षकांपुढे आणला. दादा कोंडके त्यात त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातले राजकारण हजरजबाबीपणे मिसळत. रोज रात्री ताज्या बातमीवर बोलणारा विनोदकार आपल्याकडे होता. तो दूरचित्रवाणीऐवजी नाट्यगृहात उभा होता, एवढेच.

आचार्य अत्र्यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ लिहून प्रतिष्ठित कवींची टिंगल केली आणि १९५६ मध्ये ‘मराठा’ काढून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुख्यमंत्र्यांपासून कुणालाही सोडले नाही. बाळासाहेब ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले. त्याचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. व्यंगचित्रकाराच्या कुंचल्याचा मारा आपल्यावरही होणार, हे चव्हाणांना कळत नसेल असे नाही, तरी ते गेले. सहा वर्षांनी त्याच साप्ताहिकाच्या बळावर शिवसेना उभी राहिली आणि १९६७ मध्ये ठाणे नगरपालिका ही तिने जिंकलेली पहिली सत्ता ठरली. ज्या पक्षाचा जन्म व्यंगचित्रातून झाला, त्याचे पहिले घर ठाणे. म्हणून हॅबिटॅटमधली मोडतोड मराठी माणसाला अधिक लागायला हवी. आपल्याच वारशाची ती मोडतोड होती.

हा वारसा अर्थातच निर्विघ्न नव्हता. ‘घाशीराम कोतवाल’ डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आले आणि १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच थांबवले. कलावंत बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि नाटक पुन्हा उभे केले. जागा गेली, पण दुसरी जागा उभी करता आली, म्हणून ते नाटक जगले. हा धडा आजही उपयोगाचा आहे.

मराठी वाहिन्यांवर काय झाले

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ते सरकारचे असल्याने सरकारवर हसण्याला तिथे मर्यादा होत्या. खासगी मराठी वाहिन्या १९९९ नंतर आल्या आणि काही काळ वाटले की चित्र बदलेल. झी मराठीवरच्या ‘घडलंय बिघडलंय’मध्ये चालू राजकारणाला चिमटे असत. पण असा कार्यक्रम वाहिन्यांची कायमची सवय झाला नाही.

पुढच्या दशकातला सर्वांत यशस्वी हास्यकार्यक्रम ‘चला हवा येऊ द्या’. २०१४ ते मार्च २०२४ अशी जवळजवळ दहा वर्षे तो सलग चालला, २०२५ मध्ये नव्या रूपात परतला. डोंबिवलीकर भाऊ कदम यांच्यासारखा निव्वळ चेहऱ्यावर हशा वसूल करणारा नट त्याने घरोघरी नेला. राजकारणी तिथे आले ते पाहुणे म्हणून, सोफ्यावर बसून हसण्यासाठी. त्यांच्या कारभारावर विनोद होत नसे. तरीही २०२१ मध्ये झी मराठीच्या दिवाळी कार्यक्रमात नारायण राणे यांच्यासारखे पात्र दाखवल्यावर समर्थक संतापले आणि ‘चला हवा येऊ द्या’चे सूत्रसंचालक निलेश साबळे यांना माफी मागावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये अभिनेते किरण माने यांना ‘मुलगी झाली हो’ या मालिकेतून काढले गेले. आपल्या राजकीय लिखाणामुळे हे झाले, असे त्यांचे म्हणणे होते, तर निर्मात्यांनी सेटवरच्या वर्तनाचे कारण दिले. खरे काय, यावर वाद राहील. पण अशा प्रत्येक प्रसंगानंतर पुढच्या लेखकाच्या संहितेतले एक पान आपोआप गळते. कुणी आदेश काढत नाही, कुठे कागद उरत नाही.

वाहिनीचे गणित समजून घेतले पाहिजे. हास्यकार्यक्रम रात्री नऊच्या सुमारास सगळ्या घरासाठी लागतो. जाहिरातदाराला वाद नको असतो. वाहिनीच्या मालक कंपनीचे इतर व्यवसाय असतात, परवाने असतात, सरकारी जाहिराती असतात. अशा वेळी नवरा-बायको, सासू-सून आणि चाळीतल्या शेजाऱ्यावरचा विनोद बिनधोक वाटतो. त्या विनोदालाही कसब लागते, त्याला मी कमी लेखत नाही. पण तेवढाच विनोद उरतो, तेव्हा समाजाचे एक इंद्रिय बधिर होते.

राजकीय विनोद मग यूट्यूबवर आणि छोट्या मंचांवर गेला. पुण्या-मुंबईतून ‘भाडिपा’सारखे गट पुढे आले. ठाण्या-डोंबिवलीतली मुले संध्याकाळची लोकल पकडून खार, वांद्रे, अंधेरीच्या मंचांवर पाच-पाच मिनिटे बोलायला जाऊ लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘इंडियाज गॉट लेटंट’ या यूट्यूबवरच्या कार्यक्रमावरून वादळ उठले, तेव्हा ‘भाडिपा’नेही आपला एक प्रयोग रद्द केला. पुढच्याच महिन्यात हॅबिटॅट फुटले. अनेक नव्या मुलांचा पहिला मंच तोच होता.

ठाणे जिल्ह्याची नोंदवही

ठाणे आणि परिसरातल्या घटना ओळीने मांडल्या की पक्षांची लेबले गळून पडतात.

नोव्हेंबर २०१२. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने तो आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. लिहिले एकीने, फुटला दवाखाना.

एप्रिल २०२०. मंत्री जितेंद्र आव्हाड यांची समाजमाध्यमावर टिंगल करणाऱ्या ठाण्यातल्या एका अभियंत्याने, आपल्याला त्यांच्या बंगल्यावर नेऊन मारहाण झाल्याची तक्रार केली. आव्हाड यांनी आरोप नाकारले. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना या प्रकरणात अटक होऊन जामीन मिळाला.

मे २०२२. शरद पवार यांच्यावरचा दुसऱ्या कुणाचा तरी पद्यमजकूर फेसबुकवर टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी अटक केली. तो मजकूर कडवट होता, अनेकांना किळस यावी असा होता. पण त्यासाठी सुमारे चाळीस दिवस तुरुंग? तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचे सरकार होते.

ऑगस्ट २०२२. कल्याणच्या विजय तरुण मंडळाने गणेशोत्सवात शिवसेनेतल्या फुटीवर देखावा उभारला. चतुर्थीच्या पहाटे पोलिसांनी तो जप्त केला. मंडळाला उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. टिळकांच्या काळापासून गणेशोत्सवाचा मांडव हा राजकीय भाष्याचा मंच आहे. राज्यात नुकतेच शिंदे-फडणवीस सरकार आले होते.

मार्च २०२५. कामरा प्रकरण. सप्टेंबर २०२५. पंतप्रधानांचे साडीतले बनावट चित्र पुढे पाठवल्याबद्दल सत्तरी ओलांडलेल्या एका काँग्रेस कार्यकर्त्याला भाजपच्या कार्यकर्त्यांनी डोंबिवलीत भर रस्त्यात साडी नेसवली आणि त्याची चित्रफीत पसरवली. साडी नेसवणे ही शिक्षा वाटावी, यात स्त्रियांचाही अपमान आहे, हे वेगळेच.

या यादीत दुखावलेले नेते निरनिराळ्या पक्षांचे आहेत. कामरांसाठी हळहळणारे कितीजण केतकी चितळेंच्या अटकेवर बोलले? चितळेंसाठी लढणारे कितीजण डोंबिवलीच्या त्या वृद्धासाठी उभे राहिले? विनोदाच्या स्वातंत्र्याला आपण आपापल्या नेत्यापुरते कुंपण घातले आहे आणि म्हणून ते कुणाच्याच कामी येत नाही.

आक्षेप खरे आहेत, उत्तर खोटे

कामरांच्या गाण्यावरचा एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. ठाण्यात रिक्षा चालवून कुटुंब पोसणाऱ्या हजारो माणसांना वाटले की आपल्या कष्टाची खिल्ली उडवली गेली. शिंदे यांनी रिक्षा चालवली होती, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. विनोदाचा रोख पक्षांतरावर होता, तरी रिक्षाचा उल्लेख टोचला, हे मान्य करू. पण रिक्षा राजकारणात आणली कुणी? महाविकास आघाडी सरकारला तीनचाकी रिक्षा म्हणून हिणवले देवेंद्र फडणवीस यांनी. रिक्षाने मर्सिडीजला मागे टाकले, असे २०२२ मध्ये अभिमानाने म्हणाले स्वतः शिंदे. नेते एकमेकांवर जी प्रतिमा सभागृहात आणि व्यासपीठावर मोकळेपणाने वापरतात, ती कलावंताने उचलली तर गुन्हा कसा होतो?

दुसरा आक्षेप भाषेचा. आजच्या स्टँडअपमध्ये शिवराळपणा फार आहे आणि तो पुष्कळदा विचाराच्या जागी येतो. अत्र्यांनी, कोंडक्यांनीही मर्यादा ओलांडल्या, पण त्यांच्या मागे भाषेचे धन होते. ही टीका व्हावी, जोरात व्हावी. टीका करता येते, प्रत्युत्तराचे गाणे करता येते, तिकीट न काढता बहिष्कार घालता येतो, बदनामीचा दावा लावता येतो. एवढे मार्ग खुले असताना जो हातोडा उचलतो, त्याला भाषेची चाड नसते. आपली ताकद दाखवायची असते.

न्यायालये काय म्हणतात

कायदा या प्रश्नावर मुका नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन खटल्यात स्पष्ट केले की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येत नाही. विरोधी जमाव आवरता येत नाही, ही सबब राज्याला सांगता येणार नाही. पालघर प्रकरणातून पेटलेल्या वादात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ २४ मार्च २०१५ रोजी रद्द झाले. ठाणे जिल्ह्यातल्या दोन मुलींच्या अटकेने देशाला ही मोठी मोकळीक मिळवून दिली. बरोबर दहा वर्षांनी, २४ मार्च २०२५ रोजी, हॅबिटॅटवर महापालिकेचे हातोडे पडले. पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस हवी, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेव्हा जेमतेम चार महिन्यांपूर्वीचा होता.

जागेच्या प्रश्नावरचा सर्वांत महत्त्वाचा निकाल बंगालमधून आला. ‘भविष्यतेर भूत’ हा राजकीय उपहासाचा बंगाली चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रदर्शित होताच चित्रपटगृहांतून उतरवला गेला. चित्रपटगृहांवर पोलिसांकडून आलेला दबाव न्यायालयासमोर उघड झाला. सर्वोच्च न्यायालयाने प्रदर्शन सुरू करायला लावले आणि निर्मात्यांना २० लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितले. जागामालकाला घाबरवणे हाही अभिव्यक्तीवरचाच घाला आहे, हे त्या निकालाने मान्य केले.

गाण्यावरून दाखल झालेल्या गुन्ह्यात २८ मार्च २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने कामरांना अंतरिम अटकपूर्व जामीन दिला. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेस खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात कविता, नाटक, उपहास आणि कला यांनी माणसाचे जगणे अर्थपूर्ण होते, असे सांगितले. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अभिव्यक्तीविषयक गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीचा मार्ग पोलिसांनी वापरावा, असेही म्हटले. २५ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका प्रलंबित असेपर्यंत कामरांना अटक न करण्याचा आदेश दिला. मोडतोडीच्या आरोपातले १२ जण मात्र अटक झाली त्याच दिवशी जामिनावर सुटले होते.

म्हणजे न्यायालयात विनोदकार बहुधा तरतो. तरत नाही ती जागा. निकाल लागेपर्यंत स्टुडिओचे भाडे, कर्मचाऱ्यांचे पगार, रद्द झालेल्या प्रयोगांचे पैसे कुणी भरून देत नाही.

नाट्यगृहांपासून सुरुवात करू

म्हणून उपायही जागेपासून सुरू व्हायला हवेत आणि त्यासाठी ठाणे-कल्याण-डोंबिवलीइतकी योग्य भूमी नाही. ठाण्यात राम गणेश गडकरी रंगायतन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर. गडकरी म्हणजे ‘बाळकराम’ या नावाने मराठीला हसवणारा लेखक. अत्रे म्हणजे सत्तेची रेवडी उडवणारा संपादक. फुले म्हणजे शेणाचे गोळे अंगावर झेलून शिकवत राहिलेली बाई. या चारही वास्तू महापालिकांच्या आहेत. ज्यांच्या कारभारावर विनोद व्हायचा, त्यांच्याच हाती तारखांचे वाटप. त्यामुळे पहिली मागणी अशी : तारखा देण्याचे नियम लेखी व जाहीर असावेत, नकार दिला तर कारण लेखी द्यावे आणि दिलेली तारीख धमकीमुळे काढून घेऊ नये.

दुसरी मागणी पोलिसांकडे. धमकी आली की आयोजकाला प्रयोग रद्द करण्याचा सल्ला देण्याऐवजी दारात बंदोबस्त लावावा. मोडतोड करणाऱ्यांकडून नुकसान वसूल करण्याचे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश २००९ आणि २०१८ मध्ये आले आहेत. ते एकदा तरी एखाद्या सभागृहाच्या बाबतीत पुरते वापरले गेले, तर पुढचा जमाव विचार करील.

तिसरी मागणी वाहिन्यांकडे. आठवड्यातून एकदा, रात्री उशिरा, अर्धा तास, सगळ्या पक्षांवर सारखी नजर ठेवणारा राजकीय विनोद मराठीत करून पाहा. लिहिणारे आहेत, नट आहेत, राजकारण तर रोज नवा मजकूर पुरवते आहे.

शेवटची मागणी आपल्याकडे, प्रेक्षकांकडे. किमेल परत आले ते लोकांनी आवाज उठवला म्हणून. आपल्या नेत्यावर विनोद झाला तरी त्या सभागृहाच्या बाजूने उभे राहणारा प्रेक्षक ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत तयार व्हायला हवा. नाट्यवेडाचा अभिमान बाळगणाऱ्या या शहरांना ते जड नाही. सत्ता कुणाचीही असो, तिच्यावर हसण्याची सोय शहरात उरली पाहिजे. ती सोय आपण राखली, तर उद्या आपला पक्ष विरोधात गेल्यावर आपल्यालाही बोलायला जागा मिळेल.